सुटलेल्या पंखाची चकचकीत बाजू

मा. संपादक, यांस
सप्रेम नमस्कार.

विषय : विद्यार्थ्यांच्या व हौशी रॉकेटांतील धातू आणि कार्बन फायबर यांचा चिकटसांधा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रॉकेटांच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात, आणि विमानाचे भाग चिकटवण्याच्या विभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाला त्या वाचून मनापासून आनंद होतो. रॉकेट किती उंच गेले, मोटर (म्हणजे इंधन जाळून रॉकेट उडवणारा भाग) कोणती होती, पॅराशूट वेळेवर उघडले की नाही, हे सारे त्या बातम्यांत असते. रॉकेटच्या बुडाशी असलेले तीन-चार पंख, ज्यांना मुले ‘फिन’ म्हणतात, ते नळीला कशाने आणि कसे धरून ठेवले होते याचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात आलेला नाही. पंख जागेवर असेपर्यंत त्यांची आठवण कोणाला होत नाही हे खरेच आहे. पण ते सुटल्यावरही चर्चा चुकीच्या दिशेने जाते, असे एका प्रसंगावरून माझ्या लक्षात आले, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यानंतर एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी ओळखीतून माझ्याकडे आले. त्यांच्या रॉकेटचे पंख तीन मिलिमीटर जाडीच्या कार्बन फायबरच्या पत्र्याचे होते आणि ते लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून वापरायच्या चिकटद्रव्याने, चिकटवलेले होते. उड्डाणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच एक पंख निघून गेला, रॉकेटने गिरक्या घेतल्या आणि ते मोकळ्या माळावर आपटले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. मुलांनी ती नळी आणि शोधून आणलेला पंख वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, आणि त्यांचा प्रश्न एकच होता : “काका, याहून भारी अराल्डाइट कुठले मिळेल?”

मी आधी तो पंख हातात घेतला. मुळाशी असलेले सगळे चिकटद्रव्य, दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत भरलेल्या गोलाईसकट, पंखालाच चिकटून आलेले होते. नळीवर जिथे पंख होता तिथे ॲल्युमिनियमची स्वच्छ, चकचकीत पट्टी उरली होती. लेथच्या हत्याराच्या बारीक रेषाही तिच्यावर दिसत होत्या आणि त्याच रेषांचा ठसा चिकटद्रव्याच्या तळाशी हुबेहूब उमटला होता. म्हणजे चिकटद्रव्य नीट मिसळलेले होते, धातूवर पसरलेही होते, पुरते कडकही झाले होते. त्याने ॲल्युमिनियमला धरलेच नव्हते, एवढेच.

तुटलेला सांधा कसा वाचावा, हे आमच्या कामात पहिल्याच महिन्यात शिकवले जात असे. दोन्ही बाजूंवर चिकटद्रव्याचा थर राहिला असेल, तर ते मधूनच फाटले आहे. त्याने आपली ताकद पुरती लावली, आणि भारच जास्त झाला असे समजावे. तेव्हा अधिक ताकदीचे चिकटद्रव्य किंवा अधिक रुंद सांधा हा उपाय ठरतो. एक बाजू कोरी निघाली, तर तिथे पकडच बसली नव्हती, आणि कितीही महागडे चिकटद्रव्य आणले तरी ते तितकेच निरुपयोगी ठरेल. मुलांनी आणलेला पंख या दुसऱ्या प्रकारचा होता. तरीही त्यांचे सगळे बोलणे नव्या चिकटद्रव्याच्या किमतीभोवतीच फिरत होते.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ॲल्युमिनियम हा धातू या बाबतीत भल्याभल्यांना फसवतो. आपण ज्याला ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग म्हणतो, तो धातू नसतोच. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि चिकटद्रव्य जे काही धरते ते त्या थराला धरते. कारखान्यातून येणाऱ्या नळीवर हा थर जुना, ओलावा शोषलेला असतो, त्यावर कातकामाच्या तेलाचा किंवा कूलंटचा अंश असतो आणि हाताळणाऱ्यांच्या बोटांचा घामही असतो. तो घासून काढला की खालून उघडा पडलेला धातू लगेच नवा थर धरू लागतो. ताजा थर चांगला असतो. मात्र वेळ जाईल तसतसा तोही दमट हवेतला ओलावा आणि धूळ घेत जातो. म्हणून घासणे आणि चिकटवणे यांत अंतर पडू न देणे, हे या कामाचे पहिले पथ्य आहे. मुलांनी नळी रात्री घासून ठेवली होती आणि पंख दुसऱ्या दिवशी दुपारी बसवले होते. घासल्यावर पुसण्यासाठी वर्कशॉपमधल्या कॉटन वेस्टचा बोळा थिनरमध्ये बुडवून वापरला होता, आणि त्या बोळ्याने आधी काय काय पुसले असेल ते सांगता येणार नाही.

क्रमाची चूकही जवळपास सगळेच करतात. आधी घासून मग पुसले, तर पॉलिश पेपर तेलाचा अंश ओरखड्यांच्या तळाशी दाबून बसवतो आणि तो पुसून निघत नाही. आधी एसीटोनने पुसावे, प्रत्येक वेळी स्वच्छ पांढऱ्या कापडाने आणि एकाच दिशेने, कापडावर डाग येईनासा होईपर्यंत; मग घासावे; मग पुन्हा पुसावे. नंतर त्यावर स्वच्छ पाणी सोडून पाहावे. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पृष्ठभाग तयार आहे. पाणी थेंबाथेंबांनी गोळा होऊ लागले, तर तेल अजून आहे. या परीक्षेला दमडीचाही खर्च नाही, आणि विमानाच्या कारखान्यांतही हीच घेतात. पाणी पूर्ण वाळवल्यावर घरगुती पातळीवर करण्यासारखी आणखी एक चांगली युक्ती म्हणजे मिसळलेले इपॉक्सी धातूवर पातळ लावून त्या ओल्या थरातच पॉलिश पेपरने पुन्हा घासणे. त्यामुळे नव्याने उघडा पडणारा धातू हवेला भेटण्याआधी इपॉक्सीलाच भेटतो. घासताना काळसर झालेले ते इपॉक्सी पुसून घ्यावे आणि ओलसरपणा आहे तोवरच ताजे लावून सांधा जोडावा.

हे ज्ञान मोठी किंमत मोजून मिळालेले आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या एअरो रिसर्च लिमिटेड या कंपनीने १९४० च्या दशकाच्या आरंभी ‘रिडक्स’ नावाचे, धातू चिकटवू शकणारे चिकटद्रव्य तयार केले. डी हॅविलँडच्या हॉर्नेट या लढाऊ विमानात लाकूड आणि ॲल्युमिनियम त्याने जोडले गेले आणि पुढे कॉमेट या प्रवासी जेट विमानातही ते वापरले गेले. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेल्या अराल्डाइटचे नावही त्याच कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलेले आहे. धातूला आम्लाच्या टाकीत बुडवून त्यावर ठरावीक प्रकारचा, सच्छिद्र ऑक्साइड मुद्दाम वाढवायचा आणि त्या छिद्रांत चिकटद्रव्य मुरू द्यायचे, ही पद्धत तेव्हापासून सुधारत गेली. बोइंगने १९७० च्या दशकात फॉस्फोरिक आम्लाची पद्धत रूढ केली, कारण आधीच्या सांध्यांत ओलावा शिरून ते वर्षानुवर्षांनी सुटत होते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग सुमारे २४,००० फुटांवर उडून गेला आणि एक हवाई सेविका त्यात दगावली. त्या विमानाच्या पत्र्यांचे सांधे चिकटवून मग रिव्हेटही मारलेले होते. चिकटसांधा गंजून सुटत गेला, सगळा भार रिव्हेटांवर आला, त्यांच्या भोकांभोवती चिरा वाढत गेल्या आणि देखभालीत ते वेळीच पकडले गेले नाही. चिकटद्रव्य आत मूकपणे सोडून देते आणि बाहेरून सांधा धडधाकट दिसत राहतो, हे त्या अपघाताने साऱ्या जगाला दाखवले.

येथे एक इशारा द्यायला हवा. इंटरनेटवर वाचून अशा टाकीसाठी क्रोमिक आम्लाची द्रावणे वसतिगृहाच्या बाल्कनीत बनवण्याचा मोह कोणी करू नये. त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि काही सेकंद उडणाऱ्या पंखासाठी त्याची गरजही नाही.

कार्बनच्या बाजूचे काम तुलनेने सोपे आहे. साच्यातून निघालेल्या पत्र्यावर साचा सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा किंवा सिलिकोनचा अंश असतो, तो काढावा; चकाकी जाईपर्यंत हलके घासावे; धागे मात्र कापले जाऊ देऊ नयेत. काळी धूळ नाकात जाणार नाही याची काळजी घ्यावी. पुढचा मुद्दा मुलांना पूर्णपणे नवा होता : कार्बन वीजवाहक आहे, आणि ओलावा मिळाला की ॲल्युमिनियमशी त्याची जोडी बॅटरीसारखी वागते, ज्यात झिजणारा नेहमी ॲल्युमिनियम असतो. रॉकेट एक पावसाळा शेडमध्ये पडून राहिले, त्यातही कोकणाच्या खाऱ्या हवेत, तर सांध्याखाली पांढरी भुकटी धरू शकते. दोहोंच्या मध्ये काचेच्या तलम कापडाचा एक थर इपॉक्सीत भिजवून ठेवला की हा संबंध तुटतो. त्या कापडामुळे चिकटद्रव्याची जाडीही आपोआप राखली जाते, आणि ती ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असावी. शिकंजा जोरात आवळून सगळे इपॉक्सी बाहेर काढणे, म्हणजे ‘घट्ट बसले’ असे समाधान मिळवून सांधा उपाशी ठेवणे होय.

उष्णतेचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याला स्वस्तातले उत्तर नाही. ॲल्युमिनियमचा दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रोमीटर प्रसार होतो, तर कार्बन फायबरचा धाग्यांच्या दिशेने जवळजवळ शून्य. पंखाचे मूळ २०० मिलिमीटर लांब असेल आणि मोटरच्या उष्णतेने नळी १०० अंशांनी तापली, तर नळी सुमारे ०.४६ मिलिमीटरने वाढेल आणि पंख तिथल्या तिथेच राहील. म्हणजे दोन्ही टोकांना चिकटद्रव्याला जवळजवळ स्वतःच्या जाडीइतके किंवा त्याहूनही अधिक सरकावे लागेल. मोटरचेच आवरण रॉकेटची नळी म्हणून वापरून त्यावर थेट पंख चिकटवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये, कारण आतली उष्णता ज्वलन संपल्यानंतरही बाहेर झिरपत राहते. शिवाय घरच्या तापमानाला घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या पंखाला खेटून असलेली हवा दोनशे अंशांच्या पुढे जाते. हा काळ काही सेकंदांचाच असतो आणि आतल्या सांध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो, म्हणून अनेक रॉकेटे वाचतात. ध्वनीचा वेग ओलांडण्याची इच्छा असेल, तर चिकटद्रव्य निवडताना डब्यावरच्या ताकदीच्या आकड्याआधी ते किती अंशांना मऊ पडते तो आकडा पाहावा, आणि त्याच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे भट्टीत शेक द्यावा.

याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतले आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २० ऑक्टोबर २०२४ रोजी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटातून सोडलेले ‘आफ्टरशॉक २’ हे रॉकेट सुमारे १४३ किलोमीटर उंच गेले आणि त्याने ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेग गाठला. त्याच्या पंखांच्या पुढच्या कडांना, आधीच्या रॉकेटातील कार्बनऐवजी, टायटॅनियमचे कवच होते आणि परत मिळालेल्या पंखांवर तो चंदेरी धातू उष्णतेने निळा पडलेला आढळला. धातू आणि कार्बन फायबरसारखे कंपोझिट एकत्र आणावेच लागतात, याचा इतका देखणा पुरावा दुसरा नसेल.

आपल्या मुलांकडे परत येतो. त्यांनी कागदावर केलेला हिशोब मला दाखवला. पंखाच्या मुळाचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, चिकटद्रव्याची ताकद चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या घरात, म्हणजे पंख ओढून काढायला नऊशे किलो लागतील, असा तो होता. गणित बरोबर होते, पण ते सरळ घसटून, म्हणजे सांध्याच्या पृष्ठभागाला समांतर, ओढण्याचे होते आणि पंखावर येणारा भार आडवा असतो. समजा, मुळापासून सहा सेंटिमीटर अंतरावर दहा किलोचा आडवा भार आला. तीन मिलिमीटर रुंदीच्या पायाला तो भार उपटू पाहतो, आणि ढोबळ हिशोबाने त्या पायाच्या कडेवर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोनशे किलोचा ताण पडतो. दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटरची गोलाई दिली की पाया एकोणीस मिलिमीटरचा होतो आणि तोच ताण चाळीसपटींनी उतरतो. म्हणून ही गोलाई शोभेची नसते. त्यांच्या रॉकेटला ती होती. पण गोलाईचा पायही त्याच न धरलेल्या ॲल्युमिनियमवर होता, म्हणून ती पंखाबरोबरच उठून आली. चिकटसांधा घसटीला दमदार आणि सोलण्याला दुबळा असतो, याचा अनुभव चिकटपट्टी कोपऱ्यातून उचलणाऱ्या प्रत्येकाला आहे. नळीला खाच पाडून पंखाचे मूळ आत घेणे, किंवा एका पंखाच्या टोकापासून नळीवरून शेजारच्या पंखाच्या टोकापर्यंत कापडाचे थर चढवणे, या दोन्ही रीती सोलण्याचे रूपांतर घसटीत करतात. जोडीला दोन स्क्रूही असले तर माझी हरकत नाही. विमानाच्या कारखान्यांत अशा जादा रिव्हेटांना थट्टेने भित्र्यांचे रिव्हेट म्हणतात, पण भित्र्यांची विमाने परत येतात.

ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर कार्बनची कातडी चढवलेले पंखही काही चमू बनवतात. तिथे सांधा सुटण्याचा परिणाम आणखी फसवा असतो, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. एकाच पदार्थाच्या दोन सारख्या पट्ट्या एकजीव असताना जितक्या ताठ असतात, त्याच्या एक चतुर्थांशच त्या सुट्या झाल्यावर उरतात. अशा ढिल्या पंखाला ठरावीक वेगाच्या पुढे हवेतच फडफड सुटते, आणि मग काही क्षणांत त्याचे तुकडे होतात. जमिनीवर हात फिरवून पाहताना मात्र तोच पंख पक्का वाटलेला असतो.

मिश्रणाबद्दल थोडेच लिहितो, कारण ते डब्यावर छापलेले असते आणि तरीही वाचले जात नाही. ‘हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर आणि पक्के धरते’ ही समजूत पॉलिएस्टर रेझिनच्या कामातून आलेली आहे. इपॉक्सीत हार्डनर हा मिश्रणाचा ठरलेला भाग असतो आणि जास्त झालेला भाग आत तसाच मऊ राहतो. वजनाचे प्रमाण आणि आकारमानाचे प्रमाण यांतही फरक असतो. बाजारातल्या एका प्रसिद्ध जोडीचे प्रमाण आकारमानाने सारखे आणि वजनाने शंभरास ऐंशी आहे; काट्यावर सारखे घेतले की झालीच चूक. पावसाळ्यात अमाइन हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर मेणचट साय धरतो. दुसरा थर त्यावर चढवण्यापूर्वी ती पाण्याने धुऊन काढावी लागते. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री खोली बारा अंशांवर गेली, तर ‘चोवीस तास’ हा डब्यावरचा शब्द लागू राहत नाही.

आता ज्यासाठी लिहायला घेतले ते. चिकटवलेला सांधा बनून गेल्यावर त्याची ताकद न तोडता मोजण्याची खात्रीची रीत आजही नाही. नाण्याने टकटक करून पोकळी कळते, अल्ट्रासाउंडने फट दिसते. पण दोन पृष्ठभाग नुसते टेकलेले आहेत की धरलेले, हे दोन्हींना कळत नाही. म्हणून विमान उद्योग सांध्याची तपासणी करण्याऐवजी तो बनवण्याच्या प्रत्येक पायरीची नोंद ठेवतो आणि त्याच वेळी, त्याच हातांनी, त्याच मिश्रणातून एक साक्षीदार पट्टी बनवून ती तोडून पाहतो. विद्यार्थ्यांच्या रॉकेट स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी आणि महाविद्यालयांच्या मार्गदर्शकांनी नेमके हेच मागावे, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक चिकटवलेल्या पंखामागे एक पानाची नोंद असावी : घासले केव्हा, जोडले केव्हा, खोलीचे तापमान व दमटपणा किती, मिश्रणाचे वजन किती, हात कोणाचा. सोबत पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या साडेबारा मिलिमीटर एकमेकींवर चढवून जोडलेल्या असाव्यात. सांधा नीट असेल तर त्या चारशे किलोच्या आसपास तरी भार सहज घेतात. त्या ओढून तोडण्यासाठी आणि लागलेला भार मोजण्यासाठी लागणारे ‘यूटीएम’ हे यंत्र मेकॅनिकल आणि स्थापत्य शाखा शिकवणाऱ्या महाविद्यालयात असतेच. वर्षातून एकदा प्रात्यक्षिकापुरता त्याच्यावरचा कपडा निघतो. तोडल्यावर आकडा लिहावा, पण त्याआधी दोन्ही बाजू पाहाव्यात. ॲल्युमिनियम कोरे निघाले, तर आकडा चांगला आला तरी तो सांधा नापास धरावा, कारण आज घसटीत टिकलेली अशी पकड ओलाव्यात टिकत नाही. शंका असेल तर जाड ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या चिकटवून त्यांच्या टोकाशी पाचर ठोकावी, त्या गरम दमट जागी एक दिवस ठेवाव्यात आणि चीर किती पुढे सरकली ते मोजावे. कच्चा पृष्ठभाग यात लपत नाही.

मुलांनी माझ्यासमोर तीन पट्ट्या जोडल्या : एक त्यांच्या जुन्या रीतीने, एक क्रमाने पुसून आणि घासून, आणि एक ओल्या इपॉक्सीत घासून. तिन्हींना त्यांच्याकडचे जुनेच, स्वस्त चिकटद्रव्य वापरले. पहिली पट्टी तुटली तेव्हा तिचे ॲल्युमिनियम पुन्हा चकचकीत निघाले. उरलेल्या दोन्हींवर दोन्ही अंगांना इपॉक्सीचा खडबडीत थर होता. त्यानंतर भारी अराल्डाइटचा विषय कोणी काढला नाही. सुटलेला पंख मात्र त्यांनी भंगारात टाकायला काढला होता. तो मी मागून घेतला आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवण्यासाठी त्यांच्याच प्रयोगशाळेच्या कपाटात, कोरी बाजू वर करून ठेवायला लावला.

आपला,
चिकटसांध्यांच्या विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
पुणे